आधी काट्याला विचारा

मित्रांनो, मी दिसायला घड्याळासारखा आहे. गोल पांढरा चेहरा, त्यावर आकडे आणि एकच काळा काटा. त्यामुळे मला पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, "किती वाजले?" आणि स्वतःच हसतो. हा विनोद मी इतक्यांदा ऐकला आहे की आता मला त्याचं हसू येत नाही आणि रागही येत नाही. मी वेळ सांगत नाही. मी एक जुना प्रेशर मीटर आहे. इंजिनात तेलाचा दाब किती आहे एवढंच मी सांगतो, आणि ते काम बाळकुम नाक्यावरच्या त्र्यंबक मिस्त्रींच्या गॅरेजात मी वर्षानुवर्षं चोख केलं आहे. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये म्हणतात. पण मला तोंड नाही, नुसता चेहरा आहे, तेव्हा चालायला हरकत नाही.

माझा जन्म ठाण्यातच झाला, वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात. माझ्या पोटात पितळेची एक चपटी, वाकवलेली नळी आहे. जत्रेत फुंकली की उलगडणारी कागदी पिपाणी तुम्ही पाहिली असेल. माझी नळी तशीच, फक्त फार लाजाळू. तेलाचा दाब आला की ती केसभर उलगडते आणि तेवढ्यावर माझा काटा फिरतो. हे सगळं जुळवून झालं की आम्हा सगळ्या मीटरांना मालन नावाच्या बाईंच्या टेबलावर परीक्षेला बसावं लागे. त्या दाब देत, आकडा पाहत आणि काचेवर नखाने एक टिचकी मारत. टिचकीने काटा हलला तर मीटर नापास. "खोटं बोलणारा मीटर नसलेला बरा," असं त्या म्हणत. मला त्यांनी टिचकी मारली तेव्हा माझा काटा जागचा हलला नाही. त्या दिवशीचा अभिमान मला आजही पुरतो.

पुढे त्र्यंबक मिस्त्रींनी मला विकत आणलं, एक रबरी नळी जोडली आणि फळीवर खिळ्याला अडकवलं. मिस्त्री मूळचे संगमेश्वरकडचे. बोलायला भराभर, पण हात शांत. त्यांनीही मला घेतल्या घेतल्या काचेवर टिचकी मारली आणि मी मनात म्हटलं, चला, चांगल्या घरी पडलो.

आता थोडं शिकवतो, कंटाळू नका. इंजिनात तेल नुसतं भरून भागत नाही. ते पंपाने, दाबाने, आतल्या प्रत्येक सांध्यापर्यंत पोहोचावं लागतं. नाही पोहोचलं तर लोखंड लोखंडावर घासतं आणि बघता बघता इंजिन जाम होतं. म्हणून इंजिनाच्या कडेला एक बोटाएवढा सेन्सर बसवलेला असतो. गॅरेजमधली माणसं त्याला ऑइलचा स्विच म्हणतात. दाब पडला की तो ड्रायव्हरसमोरचा लाल दिवा लावतो. दिवा बिचारा भोळा. त्याला स्वतःचं असं काही कळत नाही, सेन्सर सांगेल ते खरं मानून तो पेटतो. आणि सेन्सर बिघडला तर? तर दिवा पेटतो, माणसं घाबरतात आणि चांगल्या इंजिनाची हाडं मोकळी करून ठेवतात. असं होऊ नये म्हणून मिस्त्रींचा एक नियम होता. इंजिन उघडण्याआधी सेन्सर काढायचा, त्या जागी मला लावायचं, आणि मग बोलायचं. "आधी काट्याला विचारा," हे त्यांचं वाक्य नाक्यावर सगळ्यांना पाठ होतं.

आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत एका टेम्पोवर माझा विशेष लोभ होता. तो कोपरीच्या कोळणींनी सगळ्यांनी मिळून घेतला होता. पहाटे मुंबईच्या बंदरावरून मासळी भरायची आणि भिवंडीच्या रस्त्याने कल्याण, शहाडच्या बाजाराला जायचं. बायकांनी टेम्पो घेतला तेव्हा "वर्ष टिकला तर मिशी उतरवीन" असं म्हणणारे पुरुष कमी नव्हते. टेम्पो टिकला. मिशाही टिकल्या, पण तो विषय निराळा. सगळ्यांत वडील होत्या दगडाबाई. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. मालू त्यांच्याहून बरीच लहान, जीभ मात्र सुरीपेक्षा धारदार. आणि ड्रायव्हर दामाजी. हा त्यांच्याच आळीतला, कमी बोलणारा, गाडी बंद केल्यावर बॉनेटवर हात ठेवून दोन क्षण उभा राहणारा. असा ड्रायव्हर मला फार आवडतो.

दसऱ्याला हा टेम्पो झेंडूच्या माळा घालून आमच्या अंगणात येई. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, तेव्हा माझ्याही काचेवर हळदकुंकू लागे. संध्याकाळी मिस्त्री ते पुसत आणि म्हणत, "देवाचं देवाला, पण काटा दिसला पाहिजे." गाडीची पूजा मात्र दगडाबाई स्वतः करीत. सगळं जग चाकापुढे नारळ फोडतं. दगडाबाई बॉनेट उघडायला लावत आणि नारळ फोडून त्याचं पाणी, हळदकुंकवासकट, थेट इंजिनावर ओतत.

"अहो बाई, चाकापुढं फोडा ना," मिस्त्री दर वर्षी म्हणत.

"चाकाला काय कलतंय?" दगडाबाई दर वर्षी उत्तर देत. "नारली पुनवेला आमी होरीच्या नाकावं नारल देतो. गारीचा जीव इंजानान हाय. त्याला पानी पाजाचा, चाकाला नाय."

आणि मिस्त्री बॉनेट धरून उभे राहत.

एकोणीसशे नव्वद सालचा दसरा असाच पार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीने भरलेला टेम्पो कोनगावच्या अलीकडे पोहोचला आणि दामाजीसमोरचा लाल दिवा पेटला. त्याने तिथल्या तिथे गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. तेल मोजायची पट्टी काढून पाहिली. तेल भरपूर होतं. मागच्या बायका ओरडायला लागल्या, बाजार हाकेच्या अंतरावर, बर्फ वितळतोय, दसऱ्यानंतरचं कडक ऊन चढतंय. "चल रं, पूल वलांडला का कल्यान," मालू म्हणाली. दामाजी चालवायला तयार होईना. शेवटी एका ट्रकला दोर बांधून टेम्पो परत बाळकुमला आणला. पापलेटं तेवढी भिवंडीत मिळेल त्या भावाला गेली. बोंबील आणि मांदेली पार नासली.

टेम्पो अंगणात आला तेव्हाचा तो वास आणि ती शांतता मला आठवते. दामाजी खाली उतरला. त्याने कोणाकडेही न पाहता गाडीची चावी मिस्त्रींच्या टेबलावर, अगदी माझ्या खिळ्याखाली ठेवली.

आणि इथे एक गोष्ट घडली, जी मिस्त्रींच्या हातून कधी घडत नसे. माणसं जमली होती, सगळी एकदम विचारत होती, आणि गडबडीत मिस्त्री बोलून गेले, "दिवा जात नाही म्हणजे दाब पडलाय, आतलं बेअरिंग झिजून गेलं. इंजिन उघडावं लागणार."

झालं. आगीत तेल पडलं. मालू कमरेवर हात ठेवून दामाजीसमोर उभी राहिली.

"आयकला? इंजान जेला! तुनी तेल बगला नसंल कदी. आन् इंजान चांगला निंगाला, तं उगाच थांबून आमचा म्हावरा नासवला. कसा पन धरला तरी तूच गुनेगार. उद्यापासना माजा भाचा गारी चालवंल."

"दिवा लागला, मी थांबलो," दामाजी एवढंच म्हणाला. "दुसरा काय करनार होतो?"

मित्रांनो, मालूचं बोलणं कडू होतं, पण त्यातली अडचण खरी होती. माझा काटा खाली राहिला तर दामाजीने इंजिन घालवलं. माझा काटा वर गेला तर दामाजीने मासळी घालवली. मी काहीही सांगितलं तरी त्याची चावी जाणार. आयुष्यभर मी खरं सांगण्याचा तोरा मिरवला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, कोणी मला विचारूच नये.

मिस्त्रींनी नट खोलायचे पाने बाहेर काढले होते. इंजिन खोलायला घेण्याआधी त्यांनी टेबलावरची चावी लावून एकदा ते क्षणभर चालू केलं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि ऐकलं. मग इंजिन बंद करून ते थोडा वेळ तसेच वाकून उभे राहिले. बेअरिंग गेलेलं इंजिन खडखडतं. हे शांत होतं. दुसऱ्या एखाद्या मिस्त्रीने काय केलं असतं? बोललो ते बोललो म्हणत इंजिन उघडलं असतं. कोणाला काही कळलं नसतं. त्र्यंबक मिस्त्री सरळ झाले, फडक्याला हात पुसले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले,

"मघाशी बेअरिंग गेलं बोललो ना मी? ते मागं घेतो. काट्याला न विचारता बोललो, चूक झाली. आता विचारू."

मी मोठमोठी इंजिनं पाहिली आहेत, पण गर्दीसमोर आपला शब्द परत घेणारी माणसं फार थोडी पाहिली. त्या क्षणी मला मिस्त्रींचा जेवढा अभिमान वाटला तेवढा स्वतःचाही कधी वाटला नाही.

त्यांनी चावी नुसती फिरवून ठेवली आणि आधी सेन्सरवरची वायर काढली. लाल दिवा विझला. म्हणजे वायर कुठे घासून लोखंडाला चिकटलेली नव्हती, दिवाही शहाणा होता. आता दोनच शक्यता उरल्या. एक तर सेन्सर खोटा, नाही तर दाब खरोखर पडलेला. मिस्त्रींनी सेन्सर आटे फिरवून काढला आणि त्या भोकात माझी नळी घट्ट बसवली.

"दामाजी, चालू कर."

दामाजी जागचा हलेना. गाडीतल्या चावीकडे बघत राहिला.

"तुजीच गारी हाय अजून," दगडाबाई इतक्या वेळात पहिल्यांदा बोलल्या. "कर चालू."

इंजिन सुरू झालं. माझ्या पोटातली नळी उलगडली आणि काटा झरझर वर चढला. बायकांनी श्वास सोडला. पण मिस्त्री घाई करणारे नव्हते, निदान आता तरी नव्हते. थंड इंजिनात तेल घट्ट असतं, तेव्हा दाब चांगलाच दिसतो. खरी परीक्षा इंजिन तापल्यावर. चहा आला, प्याला गेला. इंजिन तापलं, काटा थोडा उतरला, आणि जिथे थांबायला हवा बरोबर तिथे थांबला. मिस्त्रींनी काचेवर टिचकी मारली. मी हललो नाही. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबायला लावला, मी वर गेलो. सोडायला लावला, मी परत जागेवर आलो.

"इंजिन ठणठणीत आहे," मिस्त्री म्हणाले. "सेन्सर खोटं बोलतोय."

दामाजीने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि चावी पुन्हा टेबलावर नेऊन ठेवली. त्याला पुढचं ठाऊक होतं. मालूने तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मिस्त्रींनी सेन्सर उजेडात धरला. वायर लागते त्या टोकावर हिरवट गंज चढला होता, आणि गंजाखाली पिवळं काहीतरी. त्यांनी नखाने खरवडलं आणि वास घेतला.

"ही तर हळद आहे."

मग एकेक मान हळूहळू दगडाबाईंकडे वळली. दर दसऱ्याला इंजिनाला पाजलेलं नारळाचं पाणी त्या सेन्सरच्या टोकाशी साचत होतं, आत मुरत होतं. आतला स्प्रिंग गंजून एका जागी चिकटला होता, आणि दाब असो वा नसो, तो दिवा लावूनच बसला होता. कालच्या नारळाने त्यावर शेवटचा हात फिरवला.

"म्हंजे ह्यो माजाच परताप," दगडाबाई म्हणाल्या. आधी त्या स्वतः हसल्या, मग बाकीच्यांना हसायची परवानगी मिळाली.

फक्त मालू हसली नाही. "तुमी देवाचा केला, त्याचा काय नाय. पन म्हावरा यानी नासवला. इंजान चांगला होता तरी थांबला."

दगडाबाईंचं हसू थांबलं. त्या मालूच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"तुजा बापूस होरीच्या म्होरल्या टोकाला बसाचा, ठाव हाय ना? पान्यान खालती खरकाचा खरप दिसला का हात वर कराचा. हात वर झाला का माजा बापूस होरी थांबवाचा. कदी खरप असाचा, कदी नुसती सावली. पन सावली निंगाली म्हनून त्याला कोन कदी बोल्ला नाय. का नाय बोल्ला, सांग."

मालूने कमरेवरचे हात खाली घेतले.

"कारन येक डाव बोल्लो, तं म्होरल्या टायमाला त्यो हात वर करताना इचार करंल. आन् त्यो इचार करीपरयंत होरी फुटंल."

त्यांनी टेबलावरची चावी उचलली, दामाजीच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली. त्याचे डोळे भरून आले होते, ते मला काचेतून स्पष्ट दिसले.

नवा सेन्सर बसला, त्यावर रबराची टोपीही बसली. पुढच्या दसऱ्याला नारळ चाकापुढे फुटला आणि इंजिनाला झेंडूचं एक फूल मिळालं. दगडाबाईंनी ते इंजिनावर ठेवताना "तुना पानी नाय सोसत, काय करू" अशी समजूतही घातली.

गोष्ट इथे संपली असती तरी मी ती सांगितली असती. पण ती संपली नाही.

चार वर्षांनी, पुन्हा एका सकाळी, मासळीने भरलेला टेम्पो कशेळीच्या पुलावर होता आणि लाल दिवा पेटला. दामाजीने पुलावरच गाडी थांबवली. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले, शिव्यांचा पाऊस पडला. पट्टी काढून पाहिली तर तेल भरपूर. सगळं अगदी मागच्यासारखंच. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, सेन्सर परत बिघडला, चला बाजाराला. दामाजीनेही क्षणभर मागे वळून पाहिलं म्हणतात. तेव्हा मालू टेम्पोतल्या फळीवरून उठली, पदर खोचला आणि बाकीच्यांना म्हणाली, "हात वर झाला. उतरा गो खालती, ढकलाचा हाय." सगळ्या कोळणींनी मिळून तो भरलेला टेम्पो पुलावरून पलीकडे ढकलत नेला.

हे मला त्यांच्याच तोंडून कळलं, टेम्पो ओढत आमच्याकडे आणला तेव्हा. मिस्त्रींनी सेन्सर काढला, मला लावलं आणि इंजिन सुरू होऊ न देता नुसतं स्टार्टरने फिरवलं. मी वाट पाहिली. पोटातली नळी उलगडेना. पुन्हा फिरवलं. काटा शून्यावर. मिस्त्रींनी टिचकी मारली, काटा शून्यावरच. तेलाच्या पंपाचा दांडा आतल्या आत तुटला होता. तेल भरपूर होतं, पण एक थेंबही वर चढत नव्हता. बाजारापर्यंत गाडी नेली असती तर इंजिनाचं भंगार झालं असतं, आणि त्या टेम्पोवर जेवढी घरं चालत होती ती सगळी घरी बसली असती. दोन दिवसांत नवा पंप बसला आणि टेम्पो पुन्हा शहाडच्या रस्त्याला लागला. त्या दिवशी माझ्याकडे शून्याखेरीज सांगण्यासारखं काही नव्हतं, तरी मला कृतकृत्य वाटलं. दगडाबाईंनी दामाजीकडे पाहून नुसता हात वर केला. दामाजीनेही केला.

आता मिस्त्री थकले आहेत. गॅरेज त्यांचा पुतण्या उत्तम बघतो. नव्या गाड्या आल्या आहेत, त्यांच्या इंजिनात एक नाही, कितीतरी सेन्सर. समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, त्याला चेक इंजिन म्हणतात. उत्तम एक यंत्र जोडतो आणि त्यावर बिघाडाचा नंबर येतो. मी महिनोन्‌महिने खिळ्यावर असतो, काचेवर धूळ बसते. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? खोटं बोलायची मला सवयच नाही. पण परवा उत्तमने तेलाच्या दाबाच्या बिघाडाचा नंबर वाचला, लगेच नवा सेन्सर मागवायला निघाला, आणि दारात थबकला. परत आला. फडक्याने माझी काच पुसली आणि नखाने एक टिचकी मारली. मला मालनबाई आठवल्या.

मित्रांनो, जुन्या हत्यारांना पुसून ठेवा, ती कधी लागतील सांगता येत नाही. इंजिनाची पूजा जरूर करा, पण पाणी जरा जपून. समोर दिवा लागला तर थांबा, आणि थांबल्यावर लगेच निकाल देऊ नका, आधी काट्याला विचारा. आणि विचारल्यावर सगळं ठीक निघालं, तर जो थांबला त्याला हसू नका. त्याला पुढच्या वेळीही हात वर करायचा आहे.